तळरंग

रासयच्या यार्डात बाबा बार्जांचे तळ रंगवायचे.
ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, मान उलटी करून
पत्र्याला चिकटलेली कालवं, शेवाळ, शंखांची पांढरी खरूज
तासणीने खरवडायची. मग वाळूचा मारा.
मग तांब्याचा तांबडा रंग, दोन हात.
"ह्याला काही शिवत नाही," म्हणायचे,
"जुवारीतलं सगळं जिवंत ह्याला भिऊन असतं."

त्यांच्या मांडीत मात्र
बिनरंगाची सळई घातली कोणीतरी.
परांचीवरून पडले तेव्हा मी दहावीत होते.
बांबोळीला नऊ महिने:
जखम मिटायची, पुन्हा तोंड उघडायची.
आई उशाशी अबोलीचा वळेसर ठेवायची, अबोलीला वास नसतो हे विसरून.
डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात नाहीत,
सळईवर बसलेत थर धरून,
औषध वरच्या वर वाहून जातं.
बाबांनी मान हलवली. वॉर्डात हे फक्त त्यांनाच कळलं होतं.
एवढंच विचारलं,
"तळ खरवडायला बार्ज वर ओढतात. माझं काय ओढणार?"

सळई काढली. पाय दीड इंच आखूड.

आता मी वेर्ण्याला, एका शेडच्या मागच्या खोलीत,
रुपयाएवढ्या टायटॅनियमच्या चकत्यांवर थर चढवते.
हाडात असतो तोच क्षार, केसाहून पातळ,
त्यात चांदी, असून नसल्यासारखी.
अकराव्या खेपेला चांदी सढळ पडली.
एक जंतू उरला नाही. हाडाची एक पेशीही नाही.
थाळी इतकी स्वच्छ
की मला यार्डातला ओल्या रंगाचा वास आला.
सतराव्या खेपेला हात आखडला,
तर सकाळी चकतीच्या कडेने पिवळे ठिपके,
सोन्याच्या मण्यांसारखे, घोसाघोसाने.
दिसायला सुंदर. मी ओळखते त्यांना.

एका आयतारी एक चकती खिशातून घरी नेली.
(नियमात बसत नाही. वाया गेलेलीच होती.)
बाबांनी ती खिडकीकडे तिरकी धरली,
अंगठ्याच्या नखाने घासली.
"खाली खरबरीत केलंयस ना? गुळगुळीतावर काही टिकत नाही."
वाळू मारली, आम्लात बुडवली, मी म्हटलं.
"कोण नको?"
जंतू.
"आणि कोण हवं?"
हाड. त्याने येऊन बसायला हवं, मूळ धरायला हवं.
बराच वेळ गप्प. मग हसले, दात नसलेल्या बाजूने.
"चाळीस वर्षं रंग लावला, बाये.
रंगाला 'नको' म्हणायला शिकवता येतं.
'ये' म्हणायला कसं शिकवणार तू?"

सव्विसावी खेप. बुधवार, वीज जाऊन आलेली.
सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर राखाडी खडक,
खडकावर एक पेशी.
सगळीकडे पाय पसरून, खाचाखाचांत बोटं रुतवून,
भरतीच्या वेळी खेकडा धरून बसतो तशी.
शेजारी जंतू, थोडेच, फुटलेले,
खाऊन टाकलेल्या तिसऱ्यांसारखे उघडे.

ही एक चकती.
पुढे मेंढ्या आहेत, वर्षं आहेत, सह्यांचे कागद आहेत,
आणि बाबांचं हाड कधीच वाकडं जुळून गेलंय,
त्याला माझ्याकडून काही नकोय.

तरी फोन केला.
यार्डात होते. अजून जातात, नुसते बसायला.
म्हटलं, बाबा, एक आलीय. बसलीय.
मागे कोणीतरी पत्रा खरवडत होतं.
"कोण?" ते ओरडले. "कोण बसलंय?"
मी पुन्हा सांगितलं.
खरवडणं थांबलं. बहुतेक त्यांनीच हात वर केला असणार.
"मग हलवू नकोस तिला," म्हणाले,
"पहिला हात सुकेपर्यंत."