चार अंश

ठोसरबाईंचा फ्रिज बिघडला नव्हता.
तरी बोलावलं मला पार्ल्याला, दुसऱ्या मजल्यावर,
आणि म्हणाल्या, मला यात हिवाळा हवाय.
बारा आठवडे. चार अंश.
ना खाली, ना वर.

तीस वर्षं मी गॅस भरतोय, रिले बदलतोय.
कुणाला बर्फ हवा असतो, कुणाला नको असतो,
हिवाळा कुणी मागितला नव्हता.

त्यांनी कागदी पिशवी उघडून दाखवली.
लसणीच्या पाकळीएवढे कंद, साल सुटत आलेले,
कुलूहून जुन्या विद्यार्थिनीने धाडलेले क्रोकस.
"तिकडे यांचं कुणाला काही करावं लागत नाही.
बर्फाखाली पडून राहतात, दिवस मोजतात.
पुरेशी थंडी सोसली नाही
तर वसंत आल्याचं यांना कळतच नाही."
म्हटलं, बाई, आम्हा मुंबईकरांचं तेच आहे.
हसल्या नाहीत.

तीन खेपा घातल्या.
पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर उभा करून
थर्मोस्टॅट केसाकेसाने फिरवला.
आत कोथिंबीर, विरजण, आल्याचा तुकडा,
आणि खालच्या ट्रेमध्ये अंधारात
डोंगरावरचा पौष.

दारावर हिरव्या शाईची चिठ्ठी:
सफरचंद ठेवू नये. कुणाचंही.
पिकत्या फळाचा वारा लागला
की कंदातली कळी आतल्या आत मरते, म्हणे.

डिसेंबरात बाई न्हाणीघरात पडल्या.
खुब्याचं हाड.
माणसं भेटायला आली,
आणि आजाऱ्याला भेटायला येताना
माणसं काय आणतात ते तुम्हाला माहीत आहे.
चिठ्ठीवर भाच्याने एक्स-रेची पावती लावली होती.

दार नीट लागत नाही म्हणून त्याने मला बोलावलं.
उघडलं, दिवा लागला,
दोन किलो, लालभडक, पुसून ठेवल्यासारखी.
सगळी बाहेर काढली.
एक तिथेच उभ्याने खाल्लं,
रागाने.

जानेवारीत कंद उथळ कुंड्यांत गेले.
फेब्रुवारीत पारा चौतीसवर,
गॅलरीत पानं आली, गवतासारखी बारीक,
मधोमध पांढरी रेघ.
फक्त पानं.

वॉकर टेकत बाई गॅलरीपर्यंत आल्या.
मी आधीच बोलून टाकलं:
मशीन जुनं आहे, बाई, एखाददुसरा अंश हलला असेल,
चूक माझी.
त्यांनी दोन बोटांनी पानं फाकवली.
खाली कळी होती, कांद्याच्या सालीसारखी
कोरडी, मिटलेली.

"ही थंडीची चूक नाही," म्हणाल्या.
खाली गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती लागत नव्हती.

"किती होती?"
दोन किलो.
"गोड होती?"
एकच खाल्लं, म्हटलं. जरा पिठूळ होतं.

"कुलूचीच असतील," म्हणाल्या,
आणि कुंडी हळूच
उन्हातून सावलीत सरकवायला लावली.