मोरख्या जमा

कमिटीचं पत्र आलं:
रिसाल्याचा इतिहास लिहा, मिस्टर ट्रास्क,
वह्या तुमच्याकडेच आहेत.
पानं तीनशे, पुठ्ठा निळा,
पुढे कर्नलसाहेबांचं चित्र,
वर्गणी सव्वा डॉलर.

तीस वर्षांनी.
वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.
आणि घोड्यावर आता चढू शकतो
आमच्यातला एकटा ऑर्सन बीबी,
तोही ओट्यावरून.

वह्या आहेत, खरं आहे.
मी लढलो कमी, मोजलं जास्त.
चंदी, गवत, नाल, खिळे,
खरारे, तोबरे, जिनाखालची कांबळी.
मिशिगनच्या शेतांतली पोरं ती,
नांगराच्या घोड्यांवर वाढलेली.
पहिल्याच महिन्यात तलवार फिरवताना
दोघांनी आपल्याच घोड्याचा कान उडवला.
नावं लिहिणार नाही.
एक पुढे शेरीफ झाला.

पहिला हिवाळा.
लढाया: एकही नाही.
मेलेले घोडे: तीनशे सात.
चिखलात उभ्याउभ्या मेले,
खूर सडून, नाकं गळून,
भुकेनं एकमेकांच्या शेपट्या चावत.
कमिटीला हे नको होतं.
तिला हवा होता टेनेसीतला पूल,
जो आम्ही जाळला
आणि महिन्याभरानं आमच्याच मालगाडीसाठी पुन्हा बांधला.
लिहिला.
पुस्तकात पूल छान जळतो.

मग ती नदी.
सहा दिवस, सहा रात्री कुणी खाली उतरलं नव्हतं.
माणूस झोपेत पडायचा,
घोडा थांबून त्याची वाट बघायचा.
शत्रू अर्ध्या दिवसावर.
होड्या माणसांपुरत्या.
थकलेली जनावरं पोहून जाणार नाहीत,
आणि मागे जिवंत एकही सोडायचं नाही,
असा हुकूम.
एकाला एकच गोळी, असाही.

दोनशे अकरा.
मी मोजले. माझं कामच ते.

आयसम तेव्हा आमच्या पागेत होता.
जॉर्जियातल्या कुठल्याशा कापसाच्या मळ्यातून
एका रात्री आमच्या टापांमागे चालत आलेला.
आडनाव विचारलं तर म्हणाला,
मालकाचं होतं, तिथंच ठेवून आलो.
हजेरीपटावर नाही, पगारपत्रकावर नाही.
कुठल्या घोड्याला कुठं खाजतं
ते मात्र त्यालाच ठाऊक.

लेफ्टनंट म्हणाला, मोरखी धर, घट्ट धर.
आयसमनं धरली नाही.
गाठ सोडली.
कानामागून हात फिरवत
मोरखी उतरवून खांद्यावर टाकली
आणि म्हणाला, आता मारा.
बांधलेला नाही मारायचा.

पळतील सगळे, लेफ्टनंट ओरडला.

एकही पळाला नाही.
पहिल्या आवाजाला कान हलले, इतकंच.
चंदीची वेळ झाली होती.
आयसम जवळ आला की
ते तोंड पुढे करत होते.

दोनशे अकरा वेळा.

शेवटच्या होडीतून तो आला.
मोरख्यांच्या ओझ्यानं वाकलेला.
एकेक उलगडून माझ्यापुढे ठेवली,
बोलला काहीच नाही.
मी वहीत लिहिलं:
घोडे, निकामी, वजा, दोनशे अकरा.
मोरख्या, सुस्थितीत, जमा, दोनशे अकरा.

तो हिवाळ्याआधी कुठं गेला, मला माहीत नाही.
कुणी म्हणालं ओहायोत लोहार झाला,
कुणी म्हणालं तापानं गेला.
सरकारच्या साऱ्या कागदांत
तो होता याचा पुरावा
त्या एका ओळीत आहे,
आणि त्या ओळीत त्याचं नाव नाही.

कमिटीनं ते पान गाळलं.
वाचकांना रस नसेल, म्हणाले.
तिथं आता मेळाव्यातल्या जेवणाची यादी आहे.

रविवारी चर्चबाहेर
दूधवाल्याची घोडी उभी असते.
मी जाता जाता मोरखीखाली बोटं घालून बघतो.
दोन बोटंही जात नाहीत.
सैल करतो.
घरी पोचेपर्यंत तो पुन्हा आवळणार,
माहीत आहे.