टिटवी डावीकडं जाते

रात्रीचे पावणेबारा. परभणी. तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपात
लेथच्या तेलाचा वास, आणि फरशीवर टिटवी.
कुणी हात लावलेला नाही
तरी डावीकडं सरकायली,
झोपेत कूस बदलावी तशी.

टिटवी म्हणजे आमचा रोबो.
नाव मुजम्मिलनं ठेवलं, बझर ऐकून.

लॅपटॉपवर बघतो: जॉयस्टिक मोकळी, सरळ उभी,
आणि आकडा पाचशे सत्तावीस.
पाचशे बारा पाहिजे.
हे वरचे पंधरा कुणी ठेवले?
गेमपॅड मुजम्मिलच्या भावाचा. चार वर्षं तो
एकाच वळणावर गाडी घासत होता म्हणे.

कंट्रोलरचं बटण सुईनं दाबून धरतो.
दिवा लुकलुकला की काडी पूर्ण पुढं,
पूर्ण मागं,
मग मध्ये.
लाल.
पुन्हा. पुढं, मागं, मध्ये.
लाल.
तिसऱ्यांदा मुजम्मिल बॅटरीला शिवी देतो.
बॅटरी बिचारी काठोकाठ भरलेली.

अंबिका व्हाइसपाशी बसून शेंगा सोलायली.
उद्या नांदेडला मैदानात हात तिचाच असणार.
"तू आणून ठेवायलास रे मध्ये," ती म्हणते,
"सोड की.
तिचं तिला थांबू दे."

सोडली.
काडी जराशी डुलली, थांबली. पाचशे सत्तावीस.
तेच शून्य धरलं.
हिरवा.

मग ती तिच्या मामाच्या ट्रॅक्टरचं सांगते:
स्टेअरिंगला चार बोटं प्ले. तेवढं फिरवा, चाक ऐकतच नाही.
नवा माणूस वैतागतो. पण ढेकळांवरून जाताना
हात थरथरतो तो त्यातच जिरतो,
तास सरळ येतं.

मी शून्याच्या दोन्ही अंगांचे
वीस-वीस आकडे बहिरे करून टाकले.

टिटवी थांबली.
थांबलेल्या वस्तूकडं तीन माणसं एवढा वेळ
बघत बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.
पंख्याची कुरकुर. शेंगांची टरफलं.

पुढं सोडली तर अजून
दोन फरशांत बोटभर डावीकडं जाते.
उजवी मोटर मूळचीच तापट.
तिच्यासाठी आकडा सापडला नाही.

"राहू दे," अंबिका म्हणते, हात झटकून,
"तेवढं मी धरते."

सहाची गाडी आहे.