चाळीस ते पंचेचाळीस

जुलैपासून वाजतंय.
तिसऱ्या गिअरमध्ये काटा चाळीसवर आला की सुरू,
पंचेचाळीसला गप्प.
चिल्लरचा डबा कोणी सावकाश हलवावा तसं.

सर्व्हिस सेंटरच्या पोराने कार्डावर लिहिलं:
आवाज येतो, असे ग्राहकाचे म्हणणे.

चेनकव्हर काढून ठेवलं, वाजलं.
नंबरप्लेटखाली पुठ्ठा घातला, वाजलं.
खिशातल्या किल्ल्या घरी ठेवून निघालो
आणि संध्याकाळी अर्धा तास जिन्यात बसलो.
तरी वाजलंच.
दत्तवाडीतले शेजारी म्हणाले, वय झालं आता.
कोणाचं, ते विचारलं नाही.

शेवटी नाना पेठेत दस्तगीर.
म्हणाला, चल, मी मागं बसतो.
शंकरशेठ रोडला काटा चाळीसवर नेला.
काही नाही.
त्रेचाळीस. काही नाही.
"कुठंय?" तो खांद्यावरून ओरडला.
रोज असतं हो, मी म्हणालो,
गृहपाठाची वही घरी राहिलेल्या पोरासारखा.
तो उतरला. "एकटा जाऊन ये."
गेलो. वाजलं.
पुन्हा तो बसला. गप्प.

असं तीनदा.
मग चाकापाशी उकिडवा बसून
त्याने मागच्या फुटरेस्टला टिचकी मारली.
खळ्ळ.
"मागं कोण बसायचं का?"

हर्डीकर. अकरा वर्षं, दत्तवाडी ते खडकी,
फॅक्टरीच्या भोंग्याआधी.
पेट्रोलचे अर्धे पैसे एक तारखेला,
पाकिटात, सुट्ट्या नाण्यांसकट.
वाकडेवाडीच्या अलीकडे रोज म्हणायचे, डावीकडून घ्या,
रोज मी सरळ न्यायचो.
जूनअखेर रिटायर झाले, मुलीकडे मिरजेला गेले.
निरोपाच्या कार्यक्रमात बोलायला
मी दोन वाक्यं पाठ केली होती,
आठवलं एकच.

"पायाचा दाब नाही, म्हणून नाचतंय,"
दस्तगीर म्हणाला.
जुन्या ट्यूबची पट्टी कापून खाचेत कोंबली.
पैसे घेईना. मग वीस घेतले.

आता चाळीसला गाडी गप्प आहे.
आज वाकडेवाडीच्या अलीकडे
डावीकडून घेतली.
एक सिग्नल, एक खोदलेला रस्ता, पुन्हा सिग्नल.
लांब पडतं.
सांगत होतो मी त्यांना.