फाटक दुरुस्तीला गेलंय

ऐरोलीत थंडी पडते म्हणजे
पहाटे खाडीवरून ओलसर वारा येतो,
वॉचमन माकडटोपी शोधतो
आणि दुपारी पुन्हा पंखा.
तेवढ्याशा थंडीच्या भरवशावर
मी बाग सजवायला काढली.

बाग कसली, रो-हाऊसपुढची बारा बाय नऊची माती,
त्यातली निम्मी स्कूटरची.
कुंड्यांना गेरू फासला, वर चुन्याची रेघ;
हात थरथरला तिथं रेघेला लाट आली,
राहू दिली.
शेवंती पिवळी फुलली, जांभळी रुसून बसली.
रंगाच्या रिकाम्या डब्यात मेथी पेरली,
शोभेची नसते, पण उगवते वेळेवर.

चाफा मात्र उघडाबोडका.
मार्गशीर्षात पानं टाकतो
आणि संधिवाताची बोटं वर करून उभा राहतो.
सेक्रेटरी नलावडे दोनदा म्हणाले,
मेलंय ते, काढून टाका.
मी नखानं साल खरवडून दाखवली:
आत हिरवं,
आणि बोटाला चीक.
मग त्याच फांद्यांना दिव्यांची माळ गुंडाळली,
खिळा न मारता, जुन्या साडीचे काठ फाडून बांधली.

राहिलं फाटक.
नुसतं रंगवायचं होतं,
पण रबाळ्याचा शफीक वेल्डर वाकून बघत म्हणाला,
काकू, बिजागरीच गेलीय, न्यावं लागेल.
भोगीपर्यंत देतो म्हणाला.
भोगी आली, भाजी झाली, बाजरीची भाकरी झाली,
फाटक आलं नाही.

संक्रांतीला पाच वाजता बायका जमल्या.
यमुनाबाई घरत नेहमीप्रमाणे उशिरा,
नेहमीप्रमाणे स्टीलचा डबा पदराखाली.
त्यांचे मालक गेल्यापासून चार संक्रांती
त्या फाटकापर्यंतच येतात.
डबा फाटकावरून आत, माझी वाटी फाटकावरून बाहेर,
बोंबलाचा भाव, टाकीचं पाणी,
खाडीत रोहित आले का यंदा,
एवढं बोलून होतं, मग:
आत कशाला, तुमचं चालू द्या.

आज सवयीनं त्यांनी कडीला हात घातला.
हात हवेत.
फाटक कुठंय?
रबाळ्याला.
त्यांनी खाली पाहिलं,
रांगोळी रस्त्यापासून सुरू होऊन
सरळ आत गेलेली, मध्ये कुठं न थांबता.
मग मी उभी कुठं राहू, म्हणाल्या,
चिडूनच जवळजवळ.
मी म्हटलं, चाफ्याखाली खुर्ची आहे.

बसल्या.
हळदीकुंकवाचा करंडा मी यंदा हातात घेतलाच नव्हता,
स्टुलावर ठेवला होता उघडा.
मर्लिन डिकुन्हानं आपलं आपण लावून घेतलं,
जरा डावीकडे गेलं, सगळ्या हसल्या.
यमुनाबाई करंड्याकडे बघत राहिल्या,
घेतलं नाही.
तिळाचे लाडू मात्र दोन घेतले,
आणि तिसरा नातवासाठी, विचारून.

वाण म्हणून मी काठ्या वाटल्या.
चाफ्याच्याच, वीतभर,
आठवडाभर सावलीत चीक सुकवलेल्या,
बुडाशी ओला गोणपाट, वर लाल दोरा.
अगं हे काय सरपण, असं म्हणत
जिनं तिनं पर्समध्ये तिरपी खोचली.
नलावडेबाईंची पर्सबाहेर आलीच.
दिवे लागले तेव्हा
उघड्या फांद्यांखाली सगळ्यांचे चेहरे
ओळखीचेच, पण जवळचे दिसले.

फाटक सतरा तारखेला आलं.
कुरकुरत नाही आता.
शफीकला म्हटलं, आत्ता लावू नकोस,
भिंतीला टेकव,
वालाचा वेल आधार शोधतोय.

रात्री फोन.
यमुनाबाई, आवाज दबका,
घरातले झोपले असावेत.
ती काठी डब्यात लावलीय गॅलरीत,
पाणी घालू का?
नको, म्हटलं.
आत्ता काही घालू नका.
नुसती राहू द्या.