आजची तारीख

आस्लाकमामाने फोन टेबलावर ठेवला,
जाळ्यातून सोडवलेला मासा ठेवावा तसा, उताणा.
"भरलाय," म्हणाला. "काल फोटोच घेईना.
म्हणे जागा नाही.
बाहेर एवढं इनारी तळं पसरलंय रिकामं,
आणि ह्याला जागा नाही."

केबल शोधण्यात अर्धा तास गेला.
पहिली नुसती चार्जिंगची.
मामाला पटेना: वीज जाते, मग चित्र का नाही जात?
मलाही धड सांगता आलं नाही.
दुसरी कुत्र्याने चघळलेली.
तिसरी सापडली गळांच्या डब्यात,
तिला अजून माशाचा वास.

फोनने विचारलं:
या संगणकावर विश्वास ठेवायचा का?
मामाने कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
"कुणाचा आहे हा?"
माझाच की, मामा.
"मग तसं विचारावं ना सरळ,"
आणि अंगठा टेकवला.

चार हजार एकशे सात.
हिरवी पट्टी सरकू लागली
जानेवारीतल्या उजेडासारखी,
दिवसाला बोटभर.

सगळे फोटो एकच:
बर्फात पाडलेलं भोक, आत काळं पाणी,
पाण्यात उभी मोजपट्टी,
कोपऱ्यात हातमोज्यातला अंगठा.
एकोणीस. एकवीस. एकवीस. चोवीस.
कुणी सांगितलं नव्हतं मोजायला.
अकरा हिवाळ्यांपूर्वी
वेइकोची स्नोमोबाइल खाडीच्या तोंडाशी आत गेली,
वेइको वर आला, ती आली नाही,
तेव्हापासून रोज सकाळी मामा भोक पाडतो,
फोटो काढतो,
धक्क्यावरच्या फळीवर खडूने आकडा लिहितो.
पलीकडच्या तीरावरची पोरं
तो आकडा वाचून शाळेला येतात.

पट्टी भरली.
मी फोल्डर उघडला आणि जीभ चावली.
प्रत्येक फोटोवर आजची तारीख.
अकरा हिवाळे,
सगळे आज दुपारी तीन वीसला गोठलेले.

खऱ्या तारखा असतील आत कुठेतरी, म्हटलं,
थांब, शोधते.
मामाने खुर्ची जवळ ओढली.
"कशाला? हा निळा मोजा इंगाने विणलेला,
ती ओउलूला जायच्या आधीचा.
हे भोक बघ कसं गोल, तेव्हा हातगिरमिट होतं,
मोटरचं आलं आणि कड फाटायला लागली.
हा दुधी बर्फ. त्या साली आधी हिम पडलं,
थंडी मागून आली.
इथे पट्टी वाकडी आहे, मला ताप होता."

तो सांगत गेला, मी नावं देत गेले.
दुधी. ताप. इंगा-एक, इंगा-दोन.
कॉफी गार झाली, वर साय धरली.
कुत्रा दारापाशी जाऊन आला दोनदा.

मग एक फोटो आला,
त्यात भोक नव्हतं, पट्टी नव्हती,
चौकटभर नुसतं पाणी.
हा चुकून आला का?
मामा गप्प.
खिडकीबाहेर बघितलं त्याने,
बाहेर दिसण्यासारखं काही नव्हतं, काळोख होता.
"नाही," म्हणाला.
"त्या दिवशी भोक पाडावं लागलं नाही."
महिना कुठला, मी विचारलं.
"जानेवारी."

त्या दिवशी फळीवर काय लिहिलंस?
"काही नाही. खडू कोट्याच्या खिशातच राहिला.
पोरं येईपर्यंत धक्क्यावर हात पसरून उभा होतो,
बुजगावण्यासारखा.
हसली मेली मला."

त्या फोटोला मी नाव दिलं नाही.
तो अजून आकड्यानेच ओळखला जातो,
आजच्याच तारखेचा.

शेवटी विचारलं, आता फोनमधले पुसू?
लॅपटॉपवर सगळे आलेत, मोजून घेतलेत.
मामाने फोन उचलला, पुसला बाहीने.
"सगळे नको.
उद्याच्यापुरती जागा कर."
उद्याच्यापुरती म्हणजे एक फोटो, मामा.
"एकच तर काढतो."
कुठला घालवू?
बराच वेळ बोट फिरवत राहिला काचेवर.
"हा बघ. अंगठाच जास्त आलाय ह्यात."