तूक

अंगणवाडीच्या आढ्याला काटा टांगलाय,
काट्याला निळी झोळी, झोळीत माझा नातू.
बाई म्हणते, "तूक कम्मी ऐती, अज्जी."
बाई सौंदत्तीकडची. मराठी तिला अर्धी येते,
मला कन्नड बाजारापुरतं.
पण तूक हा शब्द दोघींचा.
माझी आई नंदगडच्या बाजारात
गुळाची ढेप हातात धरून हाच शब्द बोलायची.

वहीत तीन पट्टे: हिरवा, पिवळा, तांबडा.
बाईनं पिवळ्यात टिंब दिलं,
अगदी कडेला,
पोर विहिरीच्या कठड्यावर बसावं तसं.

सून गोदू. तिला पुन्हा पाचवा लागलाय.
दुपारी तिथं पोटुशींना जेवण असतं,
भात, आमटी, अंडं.
मी पाठवत नव्हते.
लोक म्हणतील, गावड्यांच्या घरात चूल नाही काय?
शिवाय पोटभर खाल्लं की मूल थोर होतं, अडतं,
असं माझी सासू सांगायची,
आणि तिचं ऐकून मी सहा बाळंतपणं
पेजेवर काढली.
चार जगली.
दोघांना नावं ठेवायची राहिली.

शुक्रवारी सगळ्याजणी दारात आल्या.
भरमाची बायको, कलाव्वा हलगेकर, मदतनीस रुक्माक्का.
गोदूकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.
"शेवंताक्का, हुलग्याची आमटी आम्हाला तुझ्यासारखी जमत नाही,
उद्यापासून तू ये."
खोटं. माझी आमटी तिखटजाळ, गावाला ठाऊक आहे.
तरी गेले.

गेले तर कळलं, सरकारी पोत्याला
महिनाअखेर तळ दिसतो.
म्हणून घराघरातून नाचण्याची मूठ, तेलाच्या जुन्या डब्यात.
गवळीवाड्यावरून झोऱ्यांची सून ताक आणते,
दोन मैल, अस्वलाच्या वाटेनं,
चालताना डबा वाजवत.
शाळेमागं शेवग्याच्या आठ फांद्या रोवल्या होत्या.
पाच जगल्या.
असले हिशेब आम्हाला तोंडपाठ येतात.

पाचजणी ओळीनं बसल्या, दाराकडं पाठ करून.
गोदूनं अंडं भाताखाली लपवलं,
मग माझ्याकडं बघितलं, मग बाहेर काढलं.
"वाढा" असं ती म्हणाली नाही.
फक्त ताट बोटभर पुढं सरकवलं.
नऊ वर्षांत पहिल्यांदा.
पळी माझ्या हातात होती.
मी भरली. सांडली थोडी.

पुढच्या महिन्यात नातू दोनशे ग्रॅमनं वाढला.
टिंब अजून पिवळ्यातच आहे,
उगीच कशाला खोटं सांगू.

बायकांचा काटा वेगळा, जमिनीवरचा.
गोदू उतरली तशी रुक्माक्का हसत म्हणाली,
"आता तू चढ की गे."
चढले.
भात तुकला, मिरची तुकली, शेण्या मोजल्या जन्मभर,
मला कुणी कधी तुकलं नव्हतं.

"मूवत्तेंटु," बाई म्हणाली.
एवढं कन्नड मला येतं.
हसणं थांबलं.
वहीत माझ्यासाठी रकाना नव्हता,
तिनं समासात लिहिलं, पेन्सिलीनं,
आणि डाव्या बाजूला एक ताट जास्तीचं मांडलं.

चपला काढायच्या राहिल्या होत्या,
ते मी सांगितलं नाही.